तांदळातील आर्सेनिकचा अंश : भीती किती आणि दक्षता कोणती?

सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेला इगतपुरी तालुका हा नाशिक जिल्ह्याचे भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. येथे वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व खरिपातील मुख्य पीक भात हेच असते. कोळपीसारखे जुने वाण आणि वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी हा सुवासिक वाण येथील शेतकऱ्यांच्या विशेष आवडीचे आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाचे संशोधन केंद्रही इगतपुरीस आहे. येथील कुटुंबांत दोन्ही वेळच्या जेवणात भात असतो. तान्ह्या मुलाचे पहिले अन्न बहुधा भाताची पेजच असते.

अशा प्रदेशात ‘तांदळात आर्सेनिक नावाचे विष असते’ ही वार्ता पसरली, तर माता चिंतेत पडतात, गिऱ्हाईक शंका घेते आणि शेतकऱ्याच्या मालास विनाकारण बोल लागतो. उलटपक्षी ‘ह्यात काहीच तथ्य नाही’ असे सांगून प्रश्न उडवून लावणेही योग्य नव्हे. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना ह्या प्रश्नाचे उत्तर समजून-उमजून देता यावे, ह्या हेतूने ही माहिती येथे दिली आहे.

आर्सेनिक म्हणजे काय?

आर्सेनिक हे मूलद्रव्य आपल्या लोकांना अगदीच अपरिचित नाही. पांढरा सोमल हा आर्सेनिकचाच एक प्रकार होय. पिवळी हरताळ व तांबडी मनशीळ ही आर्सेनिक आणि गंधक यांची संयुगे आहेत. पूर्वी पोथीतील चुकीचे अक्षर झाकण्यासाठी त्यावर हरताळ लावीत. त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. तेव्हा आर्सेनिक हे कारखान्यातून निघालेले नवे विष नसून पृथ्वीच्या खडकांत, मातीत व पाण्यात ते कमीअधिक प्रमाणात सर्वत्र आढळते. म्हणूनच जगातील कोणत्याही देशाच्या तांदळात त्याचा काही ना काही अंश सापडतो. अंश आहे की नाही, हा खरा प्रश्न नव्हे. तो किती आहे, कोणत्या स्वरूपात आहे आणि किती वर्षे पोटात जातो, हे पाहावयाचे असते.

स्वरूपाविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रसायनशास्त्रात आर्सेनिकचे असेंद्रिय व सेंद्रिय असे दोन वर्ग करतात. असेंद्रिय आर्सेनिक अधिक घातक असते. समुद्रातील मासळीत आर्सेनिक बरेच असले, तरी ते बहुतांशी निरुपद्रवी अशा सेंद्रिय स्वरूपात असते. तांदळात मात्र दोन्ही प्रकार असतात व त्यांत असेंद्रियाचा वाटा मोठा असू शकतो. येथे ‘सेंद्रिय’ ह्या शब्दाचा सेंद्रिय शेतीशी काही संबंध नाही. केवळ शेणखतावर पिकविलेला तांदूळ आर्सेनिकमुक्त असतो, ही समजूत चुकीची आहे. कारण हा अंश खतातून नव्हे, तर मुख्यतः माती व पाणी यांतून येतो.

भातातच ते अधिक का येते?

गहू, बाजरी, ज्वारी अथवा नागली यांच्यापेक्षा भाताच्या दाण्यात आर्सेनिक पुष्कळ अधिक उतरते. गव्हाशी तुलना करता हे प्रमाण सुमारे दहापट असल्याचे आढळले आहे. ह्याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण पाणथळ शेत. कोरड्या, हवा खेळत्या जमिनीत आर्सेनिक हे लोहाच्या गंजासारख्या कणांना घट्ट चिकटून राहते व पिकाच्या मुळांस सहसा मिळत नाही. खाचरात पाणी दीर्घकाळ साचले म्हणजे मातीतील प्राणवायू संपतो, लोहाचे हे कण विरघळू लागतात आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटे होऊन पाण्यात मिसळते.

दुसरे कारण भाताच्या मुळांच्या रचनेत आहे. भाताला सिलिका फार लागते. भाताचे पान हातास खरखरीत लागते व तुसाची राख भरपूर निघते, ती ह्या सिलिकेमुळेच. सिलिका आत घेण्यासाठी भाताच्या मुळांत खास द्वारे असतात. पाणथळ मातीत सुटे झालेले आर्सेनिक हे रूपाने सिलिकेसारखेच असल्यामुळे ते त्याच द्वारांतून आत शिरते, असे जपानमधील शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले. एकाच दारातून धान्य आणि चोर दोघेही आत यावेत, असा हा प्रकार आहे. ह्या माहितीचा शेतकऱ्यास कसा उपयोग होतो, ते पुढे सांगितले आहे.

बंगाल व राजनांदगाव येथील अनुभव

आपल्या देशात आर्सेनिकची बाधा प्रथम ठळकपणे उघडकीस आली ती पश्चिम बंगालमध्ये. कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी १९८३ साली खेड्यांतून आलेल्या रुग्णांचे चट्टे व हातापायांवरील गाठी पाहून हा रोग नलिकाकूपांच्या पाण्यातील आर्सेनिकमुळे झाल्याचे ओळखले. गंगेच्या गाळाच्या थरांतील आर्सेनिक भूजलात उतरले होते. तेच पाणी लोक पीत होते आणि तेच उन्हाळी भातास देत होते. त्यामुळे वर्षानुवर्षे शेतजमिनीत आर्सेनिकची भर पडत गेली व ते दाण्यातही अधिक उतरू लागले.

महाराष्ट्राच्या सीमेलगतचे उदाहरण राजनांदगावचे आहे. गोंदिया व गडचिरोली ह्या आपल्या धानाच्या जिल्ह्यांना लागून असलेल्या ह्या भागात, चौकी तालुक्यातील कौडीकसा व आसपासच्या गावांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सर्वांस कळले. तो भाग त्या वेळी मध्य प्रदेशात होता व २००० सालापासून छत्तीसगडमध्ये आहे. तेथे नदीचा गाळ नाही. प्राचीन ज्वालामुखीजन्य व ग्रॅनाइटसारख्या खडकांतूनच आर्सेनिक पाण्यात आले. ह्यावरून दोन बोध मिळतात. एक, आर्सेनिकचा मूळ उगम गावाखालच्या खडकात अथवा गाळात शोधावा लागतो. दुसरा, तांदळाच्या दोषाआधी पाण्याचा दोष पाहावा लागतो.

इगतपुरीची स्थिती

इगतपुरीची जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, झालेली आहे. ह्या खडकात आर्सेनिकचे प्रमाण सामान्यतः अल्प असते. शिवाय येथील खरीप भात आकाशाच्या पाण्यावर पिकतो. बंगालप्रमाणे खोल विहिरींचे पाणी उपसून खाचरे भरण्याची येथे पद्धत नाही. म्हणजे बंगालमध्ये ज्या मार्गाने आर्सेनिक वर्षानुवर्षे शेतात साचले, तो मार्गच येथे नाही. महाराष्ट्राच्या भूजलात ज्या दोषांकडे मुख्यत्वे लक्ष द्यावे लागते ते फ्लोराइड व नायट्रेट होत.

असे असले तरी भाताचे खाचर म्हणजे पाणथळ जमीन आणि भात तो भातच. त्यामुळे येथील तांदळातही अल्पांश असणारच. एखाद्या शेताच्या दाण्यातील नेमके प्रमाण प्रयोगशाळेतील तपासणीनेच कळते. तांदळाच्या रंगावरून, वासावरून वा चवीवरून ते कोणासही सांगता येणार नाही. तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

किती प्रमाण चालते?

अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरविणाऱ्या कोडेक्स आयोगाने २०१४ साली पांढऱ्या, म्हणजे पॉलिश केलेल्या तांदळासाठी असेंद्रिय आर्सेनिकची कमाल मर्यादा किलोग्रॅममागे ०.२ मिलिग्रॅम अशी ठरविली. पॉलिश न केलेल्या तांदळासाठी ती २०१६ साली ०.३५ मिलिग्रॅम ठरली. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे व भारतीय मानकातही हाच आकडा स्वीकारार्ह मानला आहे.

हे आकडे समजण्यासाठी एक साधा हिशोब पाहू. एक प्रौढ मनुष्य दिवसास ३०० ग्रॅम तांदळाचा भात खातो व त्या तांदळात किलोग्रॅममागे ०.१ मिलिग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक आहे असे उदाहरणादाखल धरले, तर त्याच्या पोटात तांदळातून दिवसास ०.०३ मिलिग्रॅम आर्सेनिक जाईल. मर्यादेइतकेच आर्सेनिक असलेले तीन लिटर पाणी प्याल्यासही तेवढेच, म्हणजे ०.०३ मिलिग्रॅम, पोटात जाते. आता पाणी दूषित असून त्यात मर्यादेच्या दहापट, म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आर्सेनिक असेल, तर पिण्यातून ०.३ मिलिग्रॅम जाईल. त्याच पाण्यात भात शिजविला व तांदळाने ६०० मिलिलिटर पाणी शोषले, तर शिजलेल्या भातात आणखी ०.०६ मिलिग्रॅमची भर पडेल. म्हणजे मुळात तांदळात होते त्याच्या दुप्पट. ह्यावरून पाण्याची तपासणी ही पहिली पायरी का, हे स्पष्ट होईल.

आर्सेनिकची बाधा एका जेवणाने वा एका महिन्याने होत नाही. अधिक प्रमाण अनेक वर्षे पोटात गेल्यास अंगावर काळे-पांढरे ठिपके उमटतात, तळहात व तळपाय जाड होऊन खरखरीत गाठी येतात आणि पुढे त्वचा, फुप्फुस व मूत्राशय यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अन्नातील दूषित द्रव्यांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने आर्सेनिकची पूर्वीची सह्य मर्यादा २०१० साली मागे घेतली. तेव्हा मर्यादेच्या आत असलेला तांदूळ खाण्यास घाबरू नये. परंतु सहज कमी करता येणारा अंश कमी करावा, हेच शहाणपणाचे.

लहान मुलांची विशेष काळजी

ह्या प्रश्नात खरी दक्षता हवी ती लहान मुलांबाबत. पन्नास किलो वजनाचा मनुष्य ३०० ग्रॅम तांदूळ खातो, तेव्हा शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ६ ग्रॅम तांदूळ जातो. दहा किलो वजनाचे मूल १०० ग्रॅम तांदूळ खाते, तेव्हा हेच प्रमाण १० ग्रॅम होते. शिवाय मोठ्यांच्या ताटात भाजी, डाळ, भाकरी असते. मुलाचे मात्र कित्येकदा सर्व पोषण पेज, मऊ भात व चुरमुरे यांवरच चालते. वाढत्या वयात शरीर अधिक नाजूक असते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली बालकांच्या तांदूळयुक्त अन्नासाठी किलोग्रॅममागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे पांढऱ्या तांदळाच्या कोडेक्स मर्यादेच्या निम्मी, पातळी ठरविली. युरोपीय संघानेही बालकांच्या अन्नासाठी वापरावयाच्या तांदळास २०१६ पासून तेवढीच मर्यादा लावली आहे.

ह्यावर इगतपुरीच्या मातेस सांगावयाचा उपाय दूरचा नाही. तो तिच्याच वरकस जमिनीवर उभा आहे. डोंगरउतारावर पिकणारी नागली पाणथळ खाचरात वाढत नाही, त्यामुळे तिच्यात आर्सेनिक फारसे उतरत नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते अगदीच थोडे असते. पहिले सहा महिने मुलास केवळ आईचे दूध द्यावे. आईच्या दुधात आर्सेनिक फारच कमी उतरते. त्यानंतर एक वेळ भाताची पेज, तर दुसऱ्या वेळी नागलीच्या सत्त्वाची खीर, मुगाच्या डाळीचे वरण, उकडलेला बटाटा, केळे, असा पालट ठेवावा. भात बंद करण्याची मुळीच गरज नाही. सारा भार एकट्या भातावर टाकू नये, एवढेच.

अंगणवाडीतील सेविकांनी ही गोष्ट मातांना समजावून सांगितल्यास दुहेरी लाभ होईल. मुलांचा आहार सुधारेल आणि हल्ली मागे पडत चाललेल्या नागली व वरई ह्या पिकांस घरातच मागणी निर्माण होईल.

स्वयंपाकघरातील उपाय

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी धुतल्यास धूळ व कोंडा जातो. परंतु आर्सेनिक अल्पच कमी होते. भात जास्त पाण्यात शिजवून ते पाणी काढून टाकल्याने मात्र स्पष्ट फरक पडतो. तांदळाच्या सहापट पाणी घेऊन भात शिजवावा व पाणी वेळून टाकावे, ह्या बंगालमधील जुन्या पद्धतीने निम्म्याहून थोडे अधिक आर्सेनिक निघून जाते, असे प्रयोगांत आढळले आहे.

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अलीकडे आणखी एक रीत सुचविली आहे. एक माप तांदळास चार मापे उकळते पाणी घेऊन पाच मिनिटे उकळावे, ते पाणी ओतून द्यावे आणि नंतर दोन मापे ताजे पाणी घालून मंद आचेवर झाकून भात शिजवावा. ह्या रीतीने पांढऱ्या तांदळातील असेंद्रिय आर्सेनिक सुमारे ७३ टक्के व पॉलिश न केलेल्या तांदळातील सुमारे ५४ टक्के कमी झाल्याचे त्यांना आढळले. इंधनही फार अधिक लागत नाही.

येथे एक अडचण आहे व ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वेळलेल्या पाण्याबरोबर जीवनसत्त्वांचाही काही भाग जातो. आपल्याकडे पेज टाकून देत नाहीत. ती मीठ घालून पितात व आजाऱ्यास देतात. ज्या गावचे पाणी तपासणीत निर्दोष ठरले आहे, तेथे प्रौढांनी पेज पिण्यास हरकत नाही. मात्र आर्सेनिक कमी करावे म्हणून भात वेळावयाचा आणि तीच पेज तान्ह्या मुलास पाजावयाची, असे करू नये. कारण भातातून निघालेले आर्सेनिक त्या पेजेतच उतरलेले असते.

हातसडीच्या तांदळाविषयीही असाच विवेक हवा. आर्सेनिकचा मोठा भाग दाण्याच्या बाहेरील कोंड्यात असतो आणि बी वर्गातील जीवनसत्त्वेही तेथेच असतात. म्हणून प्रौढांनी हातसडीचा तांदूळ अवश्य खावा. परंतु तान्ह्या मुलांच्या खाद्यात तांदळाचा कोंडा मिसळू नये.

पाणी उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ही गोष्ट कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावी.

शेतातील उपाय

भाताच्या मुळांतील एकाच द्वाराने सिलिका व आर्सेनिक दोन्ही आत जातात, हे वर सांगितले. मातीत पिकास मिळण्याजोगी सिलिका भरपूर असेल, तर आर्सेनिकला आत शिरण्यास वाव कमी मिळतो. भाताचे तूस शेतात परत घातल्यास दाण्यातील असेंद्रिय आर्सेनिक कमी होते, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्याकडे डॉ. ना. कृ. सावंत यांनी पुरस्कारिलेल्या चारसूत्री लागवडीचे पहिले सूत्र हेच आहे : भाताचे अवशेष शेतास परत द्यावेत. गादीवाफ्यात दर चौरस मीटरास अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळल्याने रोपे कणखर होतात. गिरणीवर फुकट जाणारे तूस ही अशा रीतीने शेताची ठेव ठरते.

ओलिताची सोय असून पाणी हाती असेल, तेथे खाचरात सतत पाणी न ठेवता ते आलटून-पालटून द्यावे. पाणी जमिनीखाली सुमारे १५ सेंटिमीटर उतरले म्हणजे पुन्हा भरावे. फुलोऱ्याच्या आधी व नंतर एक आठवडा मात्र खाचरात पाणी राहू द्यावे. नाही तर दाणे पोचट राहतात. पावसाच्या भातास हे सर्वस्वी शक्य नाही, म्हणून बांधांच्या मोऱ्या नीट ठेवून जादा पाण्याचा निचरा करावा, एवढे पुरे. शेत अति कोरडे ठेवल्यास, विशेषतः आम्ल जमिनीत, कॅडमियम हे दुसरे विषारी मूलद्रव्य दाण्यात अधिक उतरते. तेव्हा एका दोषाच्या भीतीने दुसरा ओढवून घेऊ नये.

जुन्या शेतीपुस्तकांत किडींसाठी लेड आर्सेनेट, कॅल्शियम आर्सेनेट व पॅरिस ग्रीन ही आर्सेनिकयुक्त औषधे सुचविलेली आढळतात. पहिल्या दोहोंस भारतात नोंदणी नाकारलेली असून पॅरिस ग्रीनवर बंदी आहे. घरात जुना डबा सापडल्यास तो उघडू नये, शेतात वा ओढ्यात ओतू नये, व कृषी खात्याच्या अधिकाऱ्यांस कळवावे.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. गावातील पिण्याच्या प्रत्येक कूपनलिकेच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. पंप काही मिनिटे चालू ठेवावा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून भरावी आणि आर्सेनिकची तपासणी हवी असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात ह्याविषयी चौकशी करावी.

२. उन्हाळी भातास कूपनलिकेचे पाणी देण्यापूर्वी ते तपासावे. गोंदिया व गडचिरोलीच्या सीमेवरील गावांत ही सूचना विशेष कटाक्षाने पाळावी.

३. अंगावर ठिपके व तळहातांवर गाठी असलेले एकाहून अधिक रुग्ण एकाच गावात आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास त्वरित कळवावे.

४. लहान मुलांच्या आहारात भाताबरोबर नागली, वरई, डाळी व फळे यांचा समावेश करण्यास मातांना सांगावे.

५. तांदूळ विषारी आहे, असे कोणासही सांगू नये. तांदळाविषयी कोणी विचारल्यास ह्या लेखातील हिशोब त्यास मांडून दाखवावा.

इगतपुरीचा भात हा पावसाच्या पाण्यावर व काळ्या पाषाणाच्या मातीत पिकलेला आहे. त्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. पाणी तपासलेले, ताट मिश्र आणि तूस शेतास परत, ह्या तीन गोष्टी ज्या घरी पाळल्या जातील, त्या घरी भात पूर्वीप्रमाणेच निःशंकपणे शिजवावा.